महामार्गावर गाडी दम का सोडते?



आपल्या वस्त्यांतून फिरताना घरोघरी दारात एक जुनी मोटारसायकल उभी दिसते. दहा-पंधरा वर्षांची, कधी वीस वर्षांचीही. कोणी ती हप्त्याने नवी घेतलेली असते, तर कोणी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. हिच्यावर माणूस पाळीला जातो, रंगाचे डबे नेतो, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडतो आणि आजारी आईला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवतो. घरातले कमावते माणूस आजारी पडले तर आपण हातावर हात ठेवून बसत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र अनेक जण तसेच बसतात, किंवा कोणी सांगेल तेवढे पैसे मोजतात. म्हणून आज गाडीच्या एका आजाराविषयी लिहावयाचे योजले आहे.

तो आजार असा. गावात, बाजारात गाडी चांगली चालते. कीकला सुरू होते, पिकअपही ठीक असतो. पण महामार्गाला लागून ५५-६० च्या वेगाने चार-सहा किलोमीटर गेले की हातातील रेस तशीच धरलेली असताना गाडी आपोआप मंदावते, मग एकाएकी झेप घेते, पुन्हा मंदावते. कोणी म्हणतो गाडी झटके मारते, कोणी म्हणतो मिसिंग मारते, कोणी म्हणतो दम सोडते.

पुष्कळ लोक हे दुखणे अंगवळणी पाडून घेतात. "जुनी गाडी आहे, चालायचेच," असे म्हणतात. पण विचार करा. मागे पत्नी बसलेली आहे, मध्ये मूल आहे, पुढचा ट्रक ओलांडायला आपण गाडी उजवीकडे काढली आणि नेमका त्याच वेळी इंजिनाने दम सोडला, तर समोरून येणारी बस आपल्यासाठी थांबणार नाही. म्हणून हे दुखणे अंगावर काढू नये.

आम्ही काही मिस्त्री नाही. आमचा जन्म कचेरीत खातेवह्या लिहिण्यात गेला. पण वस्तीत दर रविवारी चार मुले गाड्या घेऊन बसतात, त्यांच्याबरोबर बसून आणि जाणत्या मिस्त्रींना विचारून विचारून जे शिकलो ते येथे देत आहोत. हे सर्व कार्बोरेटरच्या गाड्यांविषयी आहे. हिरो होंडाची १९८५ मधली सीडी १०० आणि १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर या अशाच गाड्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. त्या गाड्यांची तपासणी निराळी असते.

आधी दुखणे इंजिनाचे आहे काय ते पाहा

दोन दुखणी अशी आहेत की ती इंजिनाची वाटतात, पण इंजिनाची नसतात.

पहिले क्लचचे. चढावर किंवा जोरात रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेटा घसरत आहेत असे समजावे. आधी क्लचच्या तारेला थोडी ढील आहे ना ते बघावे. तार फार ताणलेली असली तरी प्लेटा घसरतात आणि ते नीट करायला पैसे लागत नाहीत.

दुसरे चेनचे. गाडी मेन स्टँडवर लावा, किल्ली बंद ठेवा आणि मागचे चाक हाताने हळूहळू फिरवत चेन पाहा. बोटे चेन आणि चक्राच्या मध्ये जाऊ देऊ नका. चेन एका जागी घट्ट आणि एका जागी लोंबती दिसली तर ती एकसारखी झिजलेली नाही. चेनला साधारण २ ते ३ सेंटीमीटर ढील असावी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मागच्या हबमधले रबर झिजले तरी हिसके बसतात. मात्र चेनचे आणि रबराचे हिसके बहुधा कमी वेगात, रेस कमी-जास्त करताना जास्त जाणवतात. आवाज आणि वेग दोन्ही एकदमच पडतात व एकदमच वाढतात, असे असेल तर मग दुखणे इंजिनाचे.

जमा आणि खर्च

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. महामार्गावर दम सोडणाऱ्या जुन्या गाडीत पुष्कळदा पेट्रोल कमी पडत असते. गावात पुरते आणि महामार्गावर का पुरत नाही, याचा हिशेब अगदी सोपा आहे.

समजा गाडी लिटरला ६० किलोमीटर देते आणि ताशी ६० ने चालली आहे. म्हणजे तासाला १ लिटर, मिनिटाला सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल लागले. तीच गाडी ताशी ७५ ने दामटली आणि मायलेज ४५ वर आले, तर मिनिटाला सुमारे २८ मिलिलिटर लागेल. आणि गावात ताशी ३० ने, लिटरला ५५ च्या हिशेबाने चालवली तर मिनिटाला फक्त ९ मिलिलिटर. आता टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत कचरा अडकून मिनिटाला १५ मिलिलिटरच पेट्रोल खाली येत असेल, तर गावात काहीच कळणार नाही. महामार्गावर मात्र खर्च जमेपेक्षा जास्त होईल.

तरीही गाडी लगेच बंद पडत नाही, कारण कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटी वाटी असते. तीत थोडे पेट्रोल शिल्लक असते. पगार पुरत नसला तरी डब्यातल्या शिलकीवर चार दिवस निघतात, तसे हे आहे. वाटीतली पातळी उतरत जाते, जेटमधून पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाऊ लागते, इंजिन मंदावते. मंदावले की खर्च कमी होतो, वाटी थोडी भरते, गाडी पुन्हा झेप घेते. हे चक्र चालू राहते. गाडी पहिले चार-सहा किलोमीटर चांगली का चालली, त्याचे उत्तरही यातच आहे.

पेट्रोल कमी मिळाल्याने फक्त झटकेच बसतात असे नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणावर इंजिन जास्त तापते. तशीच गाडी महिनोन् महिने वेगात पळवली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनला इजा होऊ शकते. आज फुकटात सुटणारे काम उद्या हजारांवर जाते ते असे.

तपास क्रमाने करावा

कचेरीत तेरीज जुळली नाही तर आम्ही सगळ्या खातेवह्या नव्याने लिहायला घेत नाही. बेरजा तपासतो, मग एकेक खाते घेतो, आणि जेथे फरक सापडतो तेथेच दुरुस्ती करतो. गाडीचेही तसेच करावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, मग गाडी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून पाहावी आणि काय फरक पडला ते वहीत लिहावे. प्लग, कॉइल, जेट सगळे एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तरी कशाने सुधारली ते कळत नाही. पैसे मात्र सगळ्याचे जातात.

प्रथम टाकीचे झाकण. झाकणात हवा आत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. पेट्रोल खाली उतरले की तेवढी हवा टाकीत शिरावी लागते. छिद्र धुळीने बुजले तर पेट्रोल खाली यायचे मंदावते. गाडी दम सोडू लागली की रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबावे आणि झाकण उघडावे. फुस्स असा आवाज येऊन हवा आत गेली आणि त्यानंतर गाडी पुन्हा काही किलोमीटर नीट चालली, तर दोष झाकणाचा. छिद्र बारीक तारेने आणि हवेने साफ करावे. झाकण सैल ठेवून गाडी चालवू नये, पेट्रोल उडून आगीचा धोका असतो.

दुसरे टाकीखालचा पेट्रोल कॉक. त्याला बारीक जाळी असते. जुन्या टाकीत गंज धरतो आणि त्याची पूड या जाळीवर बसते. तपासायचे असे: इंजिन थंड असताना, उघड्या जागेत, जवळ बिडी-सिगारेट किंवा दिवा नसताना, कार्बोरेटरकडची नळी सोडून ती एका बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. टाकीचे झाकण बंदच ठेवावे. एका मिनिटात चहाचा एक कप सहज भरेल इतके पेट्रोल पडले पाहिजे, आणि दोन-तीन मिनिटांनीही धार तेवढीच राहिली पाहिजे. धार सुरुवातीपासूनच बारीक असेल तर जाळी किंवा नळी पाहावी. धार आधी चांगली आणि मग बारीक होत गेली तर पुन्हा झाकणाकडे वळावे.

तिसरे कार्बोरेटर. वाटीच्या तळाला एक स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतले पेट्रोल पांढऱ्या भांड्यात काढावे. तळाशी पाण्याचे थेंब किंवा तांबूस पूड दिसली तर कार्बोरेटर उघडून साफ करावा लागेल. येथे मिस्त्रीला एक गोष्ट आवर्जून सांगावी. जेटच्या छिद्रात तार घालू देऊ नये. पितळेचे छिद्र तारेने मोठे होते आणि मग मायलेज कायमचे जाते. जेट हवेच्या दाबाने साफ करावा. कमी वेगात पायलट जेट काम करतो, मधल्या रेसला सुई आणि पूर्ण रेसकडे जाताना मेन जेट. म्हणून महामार्गावरचा त्रास असेल तेव्हा सुई आणि मेन जेट नीट पाहायला सांगावे. फ्लोटची पातळी खाली गेली असेल तरीही वाटीत पेट्रोल कमी राहते.

चौथे हवा. काही मुले पिकअप वाढावा म्हणून एअर फिल्टर काढून टाकतात. त्याने हवा जास्त शिरते, मिश्रण बिघडते आणि धूळ थेट इंजिनात जाते. फिल्टर जागेवर आणि स्वच्छ असावा. कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधला जोड सैल झाला किंवा त्यातली ओ-रिंग कडक झाली, तर तेथूनही चोरून हवा आत शिरते. गाडी जागेवर चालू ठेवून त्या जोडावर साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब सोडावे. इंजिनाचा आवाज बदलला तर हवा तेथून शिरते आहे.

पाचवे ठिणगी. पेट्रोल कमी पडते तेव्हा गाडी धाप लागल्यासारखी हळूहळू मंदावते. ठिणगी तुटते तेव्हा दिवा गेल्यासारखी एकदम तुटते, एकदम येते आणि कधी सायलेन्सरमध्ये फटका वाजतो. असे असेल तर प्लग, प्लगची टोपी, कॉइल आणि वायरी पाहाव्या. गाडी जागेवर चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावे. एका बाजूला वळवताच इंजिन गचकले तर हँडलजवळची वायर आतून तुटलेली असते. बहुतेक १०० सीसी गाड्यांना प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतो.

दोन सोप्या खुणा

चोक ही पहिली खूण. गाडी दम सोडू लागली की बाजूला थांबावे, चोक अर्धा करावा आणि मोकळ्या रस्त्यावर थोडे अंतर चालवून पाहावे. चालत्या गाडीवर खाली वाकून चोक शोधू नये. अर्ध्या चोकवर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळते आहे. जास्तच बिघडली तर उलट समजावे, पेट्रोल जास्त जाते आहे. मग एअर फिल्टर तुंबला आहे काय, चोक पूर्ण बंद होतो काय, फ्लोट अडकला आहे काय ते पाहावे.

प्लगचा रंग ही दुसरी. महामार्गावर वेगात चालवून बाजूला घेताच किल्ली बंद करावी, इंजिन जागेवर चालू ठेवू नये. प्लग निवल्यावर काढून पाहावा. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी. काळा, काजळी धरलेला असेल तर पेट्रोल जास्त.

आणखी एक गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून जाणारे मिश्रण थोडे हवेकडे झुकते. शिवाय ते पाणी शोषून घेते. जुन्या नळ्या आणि ओ-रिंगा त्याने फुगतात किंवा चिरतात. म्हणून जुनी गाडी पेट्रोल भरून महिनोन् महिने उभी ठेवू नये, पावसाळ्यानंतर वाटी एकदा रिकामी करून पाहावी आणि कडक झालेली नळी बदलून टाकावी.

एका बहिणीचे निरीक्षण

आमच्या वस्तीतला एक तरुण नाशिकहून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. जाऊन-येऊन रोज साठेक किलोमीटर. त्याच्या जुन्या १०० सीसी गाडीला हाच त्रास होता. एका गॅरेजमध्ये त्याने आधी प्लग बदलला, मग कॉइल बदलली. त्रास तसाच. शेवटी इंजिन उघडून रिंग-पिस्टन करावे लागेल, पाच हजारांच्या पुढे खर्च येईल, असे सांगण्यात आले. त्या महिन्यात मुलाची शाळेची फी भरायची होती. नवरा-बायको दोघेही रविवारी आमच्याकडे आले.

आम्ही त्याला विचारले, त्रास केव्हा सुरू होतो? तो म्हणाला, "काका, केव्हाही होतो." त्याची पत्नी मागे उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, केव्हाही नाही होत. टाकी फुल्ल करून निघालो की लवकर सुरू होतं. टाकी अर्धी असली की उशिरा होतं. मी मागं बसून बघत असते."

या एका वाक्याने अर्धे काम झाले. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा थोडीच असते. थोडे पेट्रोल खाली गेले तरी त्या थोड्या हवेवर ताण पडतो, आणि बाहेरून हवा येत नसेल तर पेट्रोल लवकर अडते. टाकी अर्धी असली की आत हवा पुष्कळ, म्हणून तोच त्रास उशिरा येतो. बाटलीची परीक्षा घेतली. धार आधी चांगली, मग हळूहळू बारीक. झाकण उघडताच पुन्हा भरदार. झाकण काढून उजेडात धरले तर छिद्रात चिखल आणि पॉलिश घट्ट बसलेले. साफ करायला दहा मिनिटे लागली. तो त्याच दिवशी सिन्नरपर्यंत जाऊन आला आणि गाडीने एकदाही दम सोडला नाही.

रिंग-पिस्टनचे पैसे वाचले. प्लग आणि कॉइलचे पैसे मात्र गेले, आणि जुनी कॉइल त्याने गॅरेजमध्येच टाकून दिली होती. ती बहुधा चांगली होती.

प्रत्येक मिस्त्री फसवतो असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ मिस्त्री आपल्यासारखेच कष्टकरी आहेत आणि प्रामाणिक आहेत. पण गिऱ्हाईक नुसते "गाडी झटके मारते" एवढेच सांगत असेल तर तोही अंदाजाने पार्ट बदलणार. म्हणून जाताना त्याला सांगावे: किती वेगाला, किती किलोमीटरनंतर, थंड असताना की तापल्यावर, टाकी किती भरलेली असताना, चोक दिल्यावर काय झाले. हे पाच प्रश्न वहीत लिहून न्यावे. बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा. काय बिघडले होते ते विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. आणि गाडी पुरुषांचे काम म्हणून घरातील स्त्रियांना या बोलण्यातून बाजूला ठेवू नये. वर सांगितलेल्या घरात खरे उत्तर कोणाजवळ होते ते आपण पाहिलेच.

दुरुस्ती होईपर्यंत चार गोष्टी पाळाव्या. गाडी दम सोडते हे माहीत असताना मोठे वाहन ओलांडू नये. वेग ४५-५० च्या आत, रस्त्याच्या डाव्या बाजूने. झटका बसताच क्लच दाबावा, इंडिकेटर द्यावा आणि गाडी कडेला घ्यावी, रेस पिळत बसू नये. गाडीवर लहान मूल घेऊन महामार्गाला जाऊ नये. त्या दिवशी एस.टी.ने जावे. तिकिटाचे पैसे जातील, पण सगळे घरी परत येतील.

येत्या रविवारी एवढे तरी करावे: टाकीचे झाकण काढून उजेडात धरावे आणि त्या छिद्रातून फुंकर मारून पाहावी.